तव्यावरची परीक्षा

डिसेंबर संपत आला की सोलापूरच्या होम मैदानावर कृषी प्रदर्शनाचे मांडव उभे राहतात. एका अंगाला सिद्धेश्वरांचं तळं, दुसऱ्या अंगाला भुईकोट किल्ला. पुढे संक्रांतीला याच मैदानावर गड्ड्याची यात्रा भरते, सात नंदीध्वज येतात, होमविधी होतो. त्या यात्रेच्या तोंडावर सिद्धेश्वर देवस्थानची पंचकमिटी हे प्रदर्शन भरवते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी माणसं जमवून श्रमदानानं तळं खोदलं, ही कथा सोलापुरातल्या घराघरात माहीत आहे. ज्या गावाचं ग्रामदैवत पाणी अडवायला शिकवणारं, तिथं देवाच्या यात्रेला लागून शेतीचं प्रदर्शन भरावं, हे मला फार शोभून दिसतं.

मी कृषी सहायक आहे. नोकरीतली बरीच वर्षं मंगळवेढा तालुक्यात गेली. शेतकऱ्यांची गाडी प्रदर्शनाला नेणं, त्यांना दालनांतून फिरवणं आणि परत आणून सोडणं हा आमच्या कामाचाच भाग. गाडीत कोण बसणार याची यादी करायची तर सातबारा समोर घ्यायचा, गटाचं रजिस्टर घ्यायचं आणि नावं उतरवायची. सातबाऱ्यावर नाव पुरुषाचं, म्हणून यादीतही पुरुषच. बायकांना न्यायचं नाही असं कुणी कधी ठरवलं नव्हतं. पण कागद तसा होता, त्यामुळे गाडीही तशीच भरायची.

शिवारात मात्र वेगळं दिसायचं. मंगळवेढ्याची काळी रानं भारी, खोल. पावसाळ्यात ओल धरून ठेवतात आणि थंडीत त्याच ओलीवर ज्वारी पोसतात. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारं लोकांना खुली केली, ती याच मुलखातली. आजही तालुक्याची ओळख ज्वारीचं कोठार अशीच आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या ज्वारीच्या मागं कुणाचे हात आहेत हे पाहायचं असेल तर हंगामभर बांधावर उभं राहावं. बी निवडून राखेत ठेवते ती बाई. पाभरीमागं चाड्यावर मूठ धरते ती पुष्कळदा घरातली बाई. खुरपणी तिची. फेब्रुवारी-मार्चमध्ये रान तापून भेगाळतं तेव्हा ताट मुळासकट उपटायचं असतं. त्या कामाला गडीमाणसं असतातच, पण बायकांच्या ओळी लांब असतात. कणसं मोडायची, पेंढ्या बांधायच्या, वळई रचायला हाताखाली द्यायचं, धान्य पाखडायचं, दळायचं आणि शेवटी भाकरी थापायची. बियाण्यापासून भाकरीपर्यंतचा सगळा प्रवास एकाच माणसाच्या हातून होतो, आणि नवं बियाणं पाहायला जाणाऱ्या गाडीत नेमकं तेच माणूस नसतं.

याची किंमत आपल्या शेतीनं मोजलेली आहे. १९६४ मध्ये देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, आली. खरिपात तिनं पोती भरून दिली. पुढच्या दुष्काळी वर्षांत या हायब्रीडनं अनेक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, तिचे ते उपकार विसरता येणार नाहीत. तरी जुन्या बायकांना हायब्रीडची भाकरी विचारा, त्यांच्या कपाळाला आठी पडते. ऐन दाणे भरताना पाऊस आला की दाणा काळा पडायचा, भाकरीला चव उतरायची नाही, ताट बुटकं आणि कडबा कमी. बैलाच्या दावणीला ती ज्वारी कमी पडली. पुढे रब्बीसाठीही संकरित वाण आले, पण आमच्या भागात ते रुजले नाहीत. शेतात मालदांडीच राहिली. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी ३५-१ ही स्वातंत्र्याच्या आधीपासूनची निवड. एवढ्या वर्षांत तिला पूर्णपणे बाजूला सारील असं वाण आलं नाही. मोत्यासारखा चमकदार दाणा, गोड कडबा, ओढ सोसण्याची ताकद. पोत्यांच्या हिशेबात तिच्या पुढे गेलेले वाण आहेत. पण भाकरी आणि कडबा एकत्र धरले तर घरातलं मत तिच्याच बाजूला पडत आलं. ते मत देणारी बाई होती. फक्त तिचं मत कुणी कागदावर मागितलं नव्हतं.

म्हणून एका वर्षी मी ठरवलं, या वेळी गाडी बायकांची. बचत गटांच्या बैठकांना जाऊन बसले. अडचणी पैशाच्या नव्हत्या, वेळेच्या होत्या. सकाळची धार काढून, पोरांचे डबे करून, म्हाताऱ्या माणसांचं सगळं पाहून मग निघायचं, आणि संध्याकाळच्या धारेला परत पोचायचं. सासूबाईंना विचारायला हवं, घरच्या कारभाऱ्याला विचारायला हवं. एकदोघींच्या घरी मी स्वतः गेले. “म्याडम, ते पुरुषांचं काम हाय. आमाला काय कळतंय त्यातलं?” असं एक मावशी म्हणाल्या. मी त्यांच्या उतरंडीतलं बियाण्याचं मडकं मागितलं. राखेत मिसळलेलं बी दोन हंगामांपूर्वीचं होतं आणि त्यात एकही किडका दाणा नव्हता. “हे कुणी राखलं?” एवढंच विचारलं. मावशी गाडीत बसल्या.

मी एक अट घातली होती: प्रत्येकीनं एक प्रश्न घरून घेऊन यायचा. काय काय बघितलं हे विचारणार नाही, तुमच्या प्रश्नाला उत्तर मिळालं का तेवढंच विचारणार. हे मी माझ्या कामातून शिकले आहे. प्रदर्शनात दालनं शेकड्यानं असतात. भोंगे ओरडत असतात, पत्रकं हातात कोंबली जातात, ट्रॅक्टरवर चढून फोटो काढले जातात. नुसतं बघत फिरणारा माणूस दमतो आणि पिशवीभर कागद घेऊन घरी येतो. प्रश्न घेऊन गेलेला माणूस मात्र चार दालनं पाहून समाधानानं परततो.

माचणूर ओलांडून गाडी भीमेच्या पुलावरून बेगमपूरला आली तेव्हा उन्हं वर आली होती. कामती, तिऱ्हे, सीनेचा पूल आणि मग सोलापूर. खिडकीतून दोन्ही बाजूंची ज्वारी दिसत होती, कुठं पोटरीत, कुठं फुलोऱ्यात, आगाप पेरलेली हुरड्यावर येऊ लागलेली. बायका प्रत्येक रान वाचत होत्या. “ही पेर उशिरा झाल्या.” “ह्यात चिकटा पडलाय, पानं चमकायल्यात बघा.” मी कृषीचं शिक्षण घेतलेली, पण धावत्या गाडीतून चिकटा ओळखणं मला जमलं नसतं.

मैदानावर आम्ही गर्दीच्या आधी पोचलो आणि थेट बियाण्यांच्या दालनाकडे वळलो. मांडणी नीट होती. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे रब्बी ज्वारीचे वाण जमिनीप्रमाणे लावले होते: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यम रानाला फुले सुचित्रा, भारी कोरडवाहू रानाला फुले वसुधा, भारी आणि पाण्याखालच्या रानाला फुले रेवती. शेजारी लाह्यांसाठी फुले पंचमी, हुरड्यासाठी फुले मधुर. बरण्यांत दाणे, वर दोरीला बांधलेली कणसं. एक तरुण अधिकारी मनापासून सांगत होता. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर, हेक्टरी १० किलो बी, काणी रोगासाठी किलोला ४ ग्रॅम गंधक चोळायचं. मग प्रत्येक वाणाचं हेक्टरी उत्पादन किती क्विंटल, ते.

आमच्यातल्या एक आक्का, वय सत्तरीच्या आसपास, पुढं झाल्या. बरणीतले चिमूटभर दाणे त्यांनी तळहातावर घेतले, हात उजेडाकडे कलता करून दाणे घरंगळवले, फुंकर मारली आणि एक दाणा दाढेखाली धरला. तो फुटल्याचा आवाज मला ऐकू आला. थोडा वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, “दाणा टणक हाय, गोडबी हाय. पोती तुमी सांगितली. आता सांगा, ह्याचं पीठ पाणी किती घेतंय? आन् सकाळची भाकरी संध्याकाळी मोडती का लवती?”

अधिकारी क्षणभर थांबला. मग जे बोलला ते मला फार आवडलं. “आजी, आमच्याकडं भाकरीची चाचणी होते. पीठ मळायला किती पाणी लागतं, रंग, चव, भाकरी टिकते किती, सगळ्याला गुण देतात. पण इथं ते विचारायला कुणी येत नाही, म्हणून फलकावर लिहिलं नाही.” आणि त्यानं पिशवीतून मार्कर काढून फलकाच्या खालच्या मोकळ्या जागेत, त्याला माहीत होती ती भाकरीची माहिती वाणागणिक लिहायला सुरुवात केली. बायका भोवती जमल्या. आता प्रश्नांचा पाऊस सुरू झाला. कडब्याचा बुडखा जाड होतो का, म्हैस तो टाकते का? कणीस मोडताना ताटापासून सहज सुटतं का? पाखडताना कोंडा किती निघतो? एक सूनबाई म्हणाल्या, “उपटायला कसं हाय? जमीन वाळली की हाताची सालटी निघत्यात. ज्याचं मूळ सैल सुटंल असं एखादं वाण काढा की.” त्याचं उत्तर त्या मुलाकडे नव्हतं. त्यानं आपल्या वहीत तो प्रश्न लिहून घेतला, खाली रेघ मारली. उपटणीच्या त्रासाला उत्पादनाच्या तक्त्यात रकाना नसतो. रकाना नसला की तो प्रश्न संशोधनाच्या वाटेलाच लागत नाही.

सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू आहे. कमी पावसात ओल कशी धरावी, ज्वारी कधी पेरावी, हे देशाला शिकवणाऱ्यांत इथल्या संशोधन केंद्राचं नाव मोठं आहे. त्या दिवशी दालनात उभं राहून मला वाटलं की या कामाचा पुढचा धडा शास्त्रज्ञ आणि आक्का यांच्यातल्या अशा बोलण्यातूनच लिहिला जाणार आहे.

अवजारांच्या दालनात बायका रमल्या. दातेरी वैभव विळा हातात घेऊन एकीनं हवेतच कापून पाहिलं आणि लगेच घेऊन टाकला. सायकल कोळपं ढकलून बघताना दुसरी म्हणाली की याची मूठ पुरुषाच्या छातीला बेतलेली आहे, आपल्याला खांद्याएवढी येते, दिवसभर चालवलं तर हात भरून येतील. विक्रेत्यानं पाना आणून मूठ खाली करता येते हे दाखवलं. ती सोय अवजारात होतीच. ती कुणी दाखवायची वेळ आली नव्हती.

जनावरांच्या मांडवात मात्र मला जे दिसलं ते आयुष्यभर लक्षात राहील. खिलार बैलांपुढं गर्दी होती. पांढरे, उंच, शिंगं मागं वळलेली, अंगावर झुली. आमच्यातली एक तरुण बाई तिकडे न थांबता म्हशींकडे गेली. तिच्या घरी दोन पंढरपुरी म्हशी. या जातीची ओळख तिच्या शिंगांवरून; खांद्यापलीकडे जाणारी तलवारीसारखी लांब शिंगं, आणि ठेवणीप्रमाणे त्यांना भारकंड, टोकी, मेटी, एकशिंगी अशी नावं. अंगानं मध्यम, कमी चाऱ्यात तग धरणारी, उन्हातान्हात चालणारी. कोल्हापूरकडचे गवळी हीच म्हैस गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन धार काढतात, कारण ती कुठंही पान्हा सोडते.

मांडवातल्या म्हशीच्या मालकानं फेटा बांधला होता, शेजारी दुधाचा आकडा लिहिलेली पाटी. या बाईनं म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, खाली वाकून कास पाहिली, सडं पाहिली. “दादा, धार कोण काढतंय?” मालक म्हणाले, “घरात मंडळी काढत्यात.” “मग विल्यावर दहा दिवस तिला खायला काय घालता?” मालकांनी सुरुवात केली, अडखळले आणि सरळ मोबाईल काढून घरी लावला. “हिला विचारा. तिलाच ठावं.” मग त्या गजबजाटात, पाटी लावलेल्या म्हशीच्या शेजारी, आमची बाई कानाला फोन धरून उभी राहिली आणि दोघी अनोळखी बायका बराच वेळ बोलत राहिल्या. सरकी किती, भरडा कसला, गूळ कधी, कास दगडावानी झाली तर काय करायचं, रेडकू किती दिवस पाजायचं. फोन ठेवल्यावर तिनं मला सगळं सांगितलं, आणि मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मालक मोकळ्या मनाचे होते, त्यांनी श्रेय देण्यात कसूर केली नाही. पण ज्या माऊलीच्या हातानं ती म्हैस दुधाला आली, ती त्या दिवशी घरी होती. धार चुकवून येणार कशी?

परतीच्या गाडीत प्रत्येकीनं आपलं उत्तर सांगितलं. कुणाला मिळालं होतं, कुणाला नाही. आक्का म्हणाल्या, “सायबानं लिवून दिलंय खरं. पर भाकरी आपल्या तव्यावर बघाया पायजे.” त्या वाक्यातून पुढचं काम निघालं.

सुगी झाल्यावर गावात आम्ही तेच केलं. चार वाणांचं पीठ, मालदांडी त्यातलीच एक. पिठाच्या डब्यांवर वाणाचं नाव नाही, फक्त वेगवेगळ्या रंगाचा दोरा. चूल तीच, तवा तोच, थापणारी तीच. पीठ मळताना किती पाणी लागलं ते मापानं पाहिलं. गरम भाकरी खाऊन प्रत्येकीनं आपल्या आवडत्या रंगापुढं एक चिंचोका ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिळ्या भाकरीसाठी पुन्हा चिंचोके. दोन दिवसांचा निकाल सारखा नव्हता. गरम असताना मालदांडीच्या बरोबरीनं मान मिळालेली एक भाकरी सकाळपर्यंत चिरली. पहिल्या दिवशी मागं पडलेली दुसरी सकाळी मऊ निघाली. ज्या घरातून माणसं भल्या पहाटे रानात जातात, तिथं शिळी भाकरी हीच खरी न्याहारी, त्यामुळे दुसऱ्या दिवसाच्या चिंचोक्याला जास्त वजन. कडब्याच्या पेंढ्याही त्याच रंगाच्या दोऱ्यांनी बांधून दावणीला टाकल्या आणि बुडखे किती उरले ते पाहिलं. सगळं झाल्यावर बायकांनी एक नवा वाण निवडला आणि घरच्या रानात काही गुंठ्यांवर पेरायचं ठरवलं, बाकी मालदांडी. कारभाऱ्यांनी पेरणीच्या वेळी विचारलं, “कंचं बी धरू?” हा प्रश्न त्या घरांत पहिल्यांदा बाईला विचारला जात होता.

शहरातल्या वाचकांना हे एका तालुक्यातलं लहान काम वाटेल. पण ज्वारीचा बाजारही आता तव्यावरच ठरतो. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक मंगळवेढ्याची ज्वारी नाव घेऊन मागतं, सोलापूरची कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर पाकिटातून दूरवर जाते आणि त्या धंद्यात शेकडो बायकांचे हात आहेत. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, ज्वारीचं कौतुक झालं. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. महाराष्ट्रात १९९२ मध्ये लक्ष्मीमुक्तीचा निर्णय झाला, नवऱ्यानं राजीखुशीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावावं म्हणून. शेतकरी संघटनेच्या चळवळीतून आलेला तो निर्णय आजही हाती आहे, आणि गावोगाव तो वापरायचा बाकी आहे. सातबाऱ्यावर नाव आलं की यादीत नाव येतं, गाडीत जागा मिळते, अनुदानाच्या अर्जावर सही करता येते. ही साखळी मी रोज पाहते.

मला या कामातून जे उमगलं ते इतकंच: वाणाची खरी परीक्षा तव्यावर आणि दावणीला होते, आणि ती परीक्षा घेणाऱ्या माणसाला आधीपासून बोलावलं तर बियाण्यावरचे कष्ट आणि पैसा दोन्ही वाचतात. म्हणून कृषी प्रदर्शनं भरवणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. ज्वारीच्या प्रत्येक दालनात एक चूल मांडा, तिथं त्या वाणाची भाकरी थापून द्या. फलकावर क्विंटलच्या शेजारी भाकरीचा आणि कडब्याचा रकाना ठेवा. बायकांसाठी स्वच्छतागृहं आणि बसायला सावली असू द्या, म्हणजे त्या घाईनं परत फिरणार नाहीत. जनावराच्या पाटीवर मालकाबरोबर धार काढणारीचं नाव लिहा. आणि माझ्यासारख्या, गाव सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांना एवढंच, की पुढची यादी करताना सातबारा बाजूला ठेवा आणि गावात विचारा, बी कुणाच्या मडक्यात आहे? जिचं नाव येईल तिला गाडीत पहिली जागा द्या.